अक्काची दाढ

लॉस एंजेलिस
८ ऑक्टोबर १९७२

ती. अक्कास नरूचा नमस्कार.

एक पेढा देवापुढे ठेव. दुसऱ्याची घाई करू नकोस. परीक्षेचा पहिला टप्पा मी पास झालो. लोखंडी जबड्यात प्लॅस्टिकचे दात बसवलेले असतात, ते कोरून आणि भरून दाखवायचे होते. त्या जबड्याला जीभ नाही, लाळ नाही, तो 'दुखतंय' म्हणत नाही. असल्या रोग्यावर नापास झालो असतो तर मुंबईच्या कॉलेजनं माझी डिग्री परत मागवली असती.

दुसरा टप्पा मार्चमध्ये. तो पास झालो की परवाना, आणि मग मी पुन्हा दाताचा डॉक्टर. हा टप्पा जिवंत माणसावर आहे, आणि गंमत अशी की तो माणूस ज्याचा त्यानं आणायचा. परीक्षेचं बोर्ड खुर्ची देतं, दिवा देतं, पाणी देतं, रोगी देत नाही. तोही असातसा चालत नाही. मागच्या दोन दाढांच्या मधोमध कीड लागलेली हवी, फार लहान नको, फार खोल नको, अजून दुखायला लागलेली नको, आणि आधी कुणी डॉक्टरनं तिला हात लावलेला नको. परीक्षक आरशानं बघतात. पसंत पडली तर सुरुवात करायची, नाहीतर रोग्याला घेऊन घरी जायचं.

नेवाशाला बाजारच्या दिवशी एस.टी. स्टँडवर उभा राहिलो असतो तर दुपारपर्यंत पाहिजे तेवढे जबडे मिळाले असते. इथं मी कुणाला म्हणू, तोंड उघडा म्हणून? दोन वर्षं झाली, एकाही माणसाच्या तोंडात मी बोट घातलेलं नाही. परवान्याशिवाय घालता येत नाही. लॅबमध्ये दिवसभर कवळ्या बनवतो. साचे येतात, मेण ओततो, दात बसवतो, डबीत घालून पाठवतो. त्या दातांनी कोण जेवतं, कोण हसतं, मला कधी दिसत नाही. लॅबमधले लोक मला थट्टेनं 'डॉक' म्हणतात. संध्याकाळी खोलीवर आलो की तेही म्हणायला कुणी नसतं.

पाऊस कसा आहे ते कळव. शाळा काय म्हणते?

तुझा नरू


नेवासा
२५ ऑक्टोबर १९७२

चि. नरू, अनेक आशीर्वाद.

पेढा काही मिळाला नाही. जनावरं छावणीत गेली, दूध कुठून येणार? गुळाचा खडा ठेवला. देवानं तक्रार केली नाही.

पाऊस कसा म्हणून विचारतोस. पाऊस नाहीच. प्रवरेच्या पात्रात पोरं गोट्या खेळतात. रेशनवर तुमच्या अमेरिकेतला लाल मिलो मिळतो, जनावरांना घालतात तसली ज्वारी. त्याची भाकरी थापायला घेतली की तव्यावर जायच्या आत मोडते. सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जातं. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी आईबरोबर तिकडेच असतात. उरलेल्या पोरींना मी भूगोलात अमेरिका शिकवते. त्या विचारतात, बाई, तिथं मिलोच खातात का? मी म्हणते, माझ्या भावाला विचारून सांगते.

शेजारच्या छबूबाईला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती कामावरून आली होती, हाताला फोड आलेले. तिला वाटलं, रोगी मिळत नाही म्हणजे तिकडच्या लोकांचे दात चांगले असणार. मी सांगितलं तसं नाही, ओळखीचं माणूस मिळत नाही. त्यावर ती म्हणाली, "मंग नरूला म्हनावं हितं ये. समद्या गावाची तोंडं उघडीच हायती."

दात आहेत तर चणे नाहीत, अशी आमची गत. तुझ्याकडे चणेच चणे, आणि दात मिळेना. एवढ्या मोठ्या देशात एक किडकी दाढ मिळू नये याचं नवल वाटतं. माझी एक आहे बघ. तू जायच्या आदल्या दिवशी बॅटरी लावून पाहिली होतीस आणि बजावलं होतंस, मी येईपर्यंत हिला कुणाला हात लावू देऊ नकोस. नाही लावू दिला. असली दाढ चालली असती का रे? सहज विचारते.

जेवणाची आबाळ करू नकोस.

अक्का


लॉस एंजेलिस
१२ नोव्हेंबर १९७२

ती. अक्का,

दिवाळीला मला एका गुजराती कुटुंबानं जेवायला बोलावलं होतं. नवरा इंजिनिअर, लॉन्ड्रीत ओळख झाली. दोन वर्षांनी मी कुणाच्या घरी पाटावर, म्हणजे खुर्चीवर, पण घरच्यासारखा जेवलो. आणि तिथं मी काय करावं? सगळा वेळ त्यांच्या तोंडांकडे बघत बसलो. ते हसले की मागच्या दाढा दिसतात का बघ, घास घेतला की वाकून बघ. त्या बाईला डाव्या बाजूला नेमकी पाहिजे तशी सावली दिसत होती, म्हणून मी जरा जास्तच बघितलं. नवऱ्यानं आधी पापड सरकवला, मग पाणी सरकवलं, मग हळूच तिला स्वयंपाकघरात पाठवलं. निघताना मी सगळं समजावून सांगायला गेलो, तर ते आणखीच वाईट दिसलं. आता लॉन्ड्रीत तो वेगळ्या वेळी येतो.

चर्चच्या बाहेर चिठ्ठी लावून पाहिली. एक म्हातारा आला, त्याला एकही दात नव्हता. मी त्याला चहा पाजला. तो बराच वेळ बसला, मलाही बरं वाटलं.

तू सहज विचारलंस, मीही सहज सांगतो. तुझी दाढ चालली असती. नुसती चालली नसती, परीक्षकांनी ती पाहून खुर्च्या पुढे ओढल्या असत्या. इथं परीक्षेला लोक आईला आणतात, बायकोला आणतात, सासूला आणतात. तिकीट मी पाठवू शकतो. मार्चमध्ये तुला रजा मिळेल का? तुझ्या शाळेचं, छबूबाईचं, गावातल्या हालाचं मला कळतं. एवढ्या लांब एका दाढेसाठी ये म्हणायला तोंड होत नाही. पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

एकच सांग, दुखत तर नाही ना? दुखायला लागली असेल तर कीड मुळापर्यंत गेली, मग ती परीक्षेच्या उपयोगाची नाही.

तुझा नरू


नेवासा
२९ नोव्हेंबर १९७२

चि. नरू, आशीर्वाद.

दुखत नाही. अजिबात नाही.

हेडमास्तरीणबाईंना विचारलं. माझ्या इतक्या वर्षांच्या रजा साठल्या आहेत की त्यांना नाही म्हणता येईना. पासपोर्टचा अर्ज आणवला आहे. फोटो काढायला नगरला जाऊन आले. फोटोवाला म्हणाला, बाई, जरा हसा. मी म्हटलं, हसण्यासारखं काय आहे ते आधी सांग. फोटोत मी जप्तीला आलेल्या कारकुनासारखी दिसते.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. तू ते खोटं करायला दादांशी भांडून मुंबईला गेलास. दादा म्हणत, आपल्या घरात पंतोजी झाले, पुराणिक झाले, हा दात उपटणारा कुठून निघाला? त्यांनी शेवटपर्यंत लोकांना मुलगा नुसताच डॉक्टर आहे असं सांगितलं. आता माझ्याच तोंडावर तू पास होणार म्हटल्यावर त्यांना वर काय वाटत असेल!

मला इंग्रजी बोलायला लागेल का? खुर्चीत बसून तोंड उघडं ठेवायचं असेल तर लागणार नाही, असा माझा अंदाज आहे.

अक्का


लॉस एंजेलिस
१६ डिसेंबर १९७२

ती. अक्का,

तुझं पत्र जिन्यातच वाचलं. खाली घरमालकीण उभी होती, तिला सांगितलं, माझी बहीण येणार. तिनं विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, रजा आहे तितके.

खोलीत दुसरी खाट मावते. मापून पाहिली. तुला ताट, वाटी, पेला आणला. इतके दिवस एकाच ताटावर चाललं होतं, दुसरं आणायचं कारण नव्हतं. तू आलीस की आपण समुद्रावर जाऊ. इथं समुद्राला कुणी नारळ वाहत नाही, लोक नुसते उताणे पडतात. तुला राग येईल, तो बघायचा आहे.

सुती साड्या आण. पुस्तकं आण, मराठी, कुठलीही.

तुझा नरू


नेवासा
२० जानेवारी १९७३

चि. नरू, आशीर्वाद. सोबत तिळगूळ पाठवता आला नाही, लिहूनच गोड बोलते.

परवा पासपोर्टची पोलीस चौकशी झाली. जमादार भिमाजी आले होते. त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे, म्हणून बिचारे दारातच टोपी काढून उभे राहिले. आत बोलावलं, चहा केला. त्यांनी कागद काढले. चालचलणूक, कुठला खटला, काही देणं-घेणं, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, परदेशी जाण्याचं कारण? मी म्हटलं, दाढ भरून घ्यायची आहे.

जमादारांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, दाढंसाठी अमेरिका? नगरला डाक्टर हाय की."

मी त्यांना सगळं सांगितलं. परीक्षा, बोर्ड, रोगी ज्याचा त्यानं आणायचा, ही दाढ मी दोन वर्षं राखून ठेवली आहे. त्यांनी नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "आसं लिवलं तर सायेब हसत्याल. भावाला भेटाया जायाचं, आसं लिवतो. त्यात खोटं काय हाय?" मी म्हटलं, लिहा. खोटं काही नव्हतं.

आता गावभर झालंय. बाजारात मला बाया तोंड उघडायला लावतात. कुठली दाढ, दाखवा की. छबूबाईला तर वाटतं की अमेरिकेच्या सरकारनंच ती मागितली. मी रागावते, पण खरं सांगू, फार दिवसांनी मला कुणी काही विचारतंय. शाळा सुटल्यावर घरी आलं की कुलूप मीच काढायचं आणि मीच लावायचं. दादा गेले, तू गेलास, त्यानंतर या घरात आवाज म्हणजे भांड्यांचा. हे तुला लिहिणार नव्हते. लिहिलं गेलं, राहू दे.

ट्रंक घेतली नाही, छबूबाईच्या जावयाची बॅग मिळते आहे. तिकिटाचं बघ. पासपोर्ट आला की कळवते.

अक्का


लॉस एंजेलिस
२२ जानेवारी १९७३

ती. अक्का,

तुझं जानेवारीत पत्र नाही. पासपोर्टात अडचण असेल असं धरून लिहितो आहे, आणि असली तर आता त्रास घेऊ नकोस.

रोगी मिळाला! लॅबमध्ये प्लॅस्टर ओतणारा रुबेन म्हणून एक आहे, मेक्सिकोचा. माझ्याच टेबलाशेजारी दोन वर्षं बसतो. परवा जांभई दिली आणि मी खुर्चीवरून उडालोच. शोधत मी गावभर हिंडलो आणि दाढ हाताच्या अंतरावर होती. काखेत कळसा म्हणतात तसं. मालकांच्या ओळखीच्या डॉक्टरकडून दाढेचा क्ष-किरण फोटो काढून घेतला. अगदी पाहिजे तशी. रुबेननं हातावर हात मारून कबूल केलं. फुकट भरून मिळणार म्हणून त्याची बायकोही खूश.

तेव्हा तुला एवढ्या लांब फरफटत यायची आता गरज नाही. दुष्काळात घर, शाळा सोडून, विमानात बसून, परक्या लोकांसमोर तोंड उघडून बसायचं. हे मी तुला करायला लावत होतो याची लाज वाटत होती. तू माझ्यासाठी आजवर पुष्कळ केलंस. एवढं तरी तुझ्यावर यायला नको.

तुझी दाढ मात्र आता भरून घे. नगरला कुणाकडेही चालेल.

तुझा नरू


नेवासा
६ फेब्रुवारी १९७३

चि. नरू, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रोगी मिळाला, बरं झालं. परक्या मुलखात तुला माणूस मिळालं याचा आनंद आहे.

पासपोर्ट आला. कपाटात ठेवला आहे. बॅग परत दिली.

दाढेचं मी बघते. तू अभ्यासाकडे लक्ष दे.

अक्का


नेवासा
३ एप्रिल १९७३

चि. नरू,

मार्च संपला. तुझं काही पत्र नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की छबूबाई कामावर जायची थांबते आणि विचारते, आलं का? तो मान हलवतो आणि पुढे जातो. पास झाला असशील तर गडबडीत असशील. नापास झाला असशील तर तसं लिही, मी काही दादा नाही. नुसतं बरा आहेस एवढं जरी लिहिलंस तरी चालेल.

मिलोच्या जोडीला आता सुकडी मिळते, गोडसर पौष्टिक पीठ. पोरी परत शाळेत यायला लागल्या, सुकडी शाळेतच वाटतात म्हणून.

अक्का


लॉस एंजेलिस
१५ एप्रिल १९७३

ती. अक्का,

लिहायला हात झाला नाही. आता लिहितो.

परीक्षा एका दंत कॉलेजात होती. मोठं लांब दालन, दोन्हीकडे ओळीनं खुर्च्या. मी सकाळी लवकर गेलो, माझी हत्यारं मांडली, पांढरा रुमाल घातला, दिवा लावून पाहिला. हळूहळू सगळ्यांची माणसं आली. शेजारी एक फिलिपिनो मुलगी होती, तिची आई आली होती. आई खुर्चीत बसून लेकीच्या बाहीचं बटण लावत होती. पलीकडे एकाची बायको, पोटुशी. एकाचा धाकटा भाऊ, जो भीतीनं नुसता हसत होता. परीक्षक खुर्ची-खुर्चीशी थांबून बघत येत होते. माझ्या खुर्चीशी आले, रिकामी खुर्ची बघितली, कागदावर काही लिहिलं आणि पुढे गेले. पुन्हा आले. त्यातला एक म्हातारा चांगला होता. म्हणाला, अजून थोडं थांबू. मी खुर्चीच्या मागं उभा राहिलो. सगळीकडे यंत्रं सुरू झाली. शेवटी त्यानं माझा दिवा स्वतःच्या हातानं बंद केला.

रुबेन इमारतीच्या दारापर्यंत आला होता आणि परत गेला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यानं स्वतःच सांगितलं. मला राग येईल म्हणून आधी माझ्यासाठी कॉफी आणून ठेवली. मग म्हणाला, "डॉक, तू चांगला माणूस आहेस. पण तूच मला सांगितलंस, दोन वर्षं तू कुणाच्या तोंडाला हात लावलेला नाहीस. मग मी पहिला कशाला?"

मला त्याचा राग आला नाही. अजूनही तो शेजारी बसतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही गेलो नसतो. त्याला मी कोण? शेजारच्या टेबलावरचा माणूस. ज्यांची माणसं आली त्यांच्यासाठी ती आली, दाढेसाठी नाही. हे मला तिथं उभं राहून कळलं, आणि मग महिनाभर तुला पत्र लिहायचं धैर्य झालं नाही, कारण मी तुला येऊ नकोस म्हणून लिहून बसलो होतो.

पुढची परीक्षा सप्टेंबरात आहे. तुझी दाढ अजून तशीच असेल, तर ये. नगरला भरून घेतली असशील तर तसं कळव, मी दुसरं कुणी बघतो.

तुझा नरू


नेवासा
२ मे १९७३

चि. नरू, आशीर्वाद.

त्या रिकाम्या खुर्चीचं वाचून मला जेवण गेलं नाही. छबूबाईला सांगितलं, तर ती त्या रुबेनला दोन तास शिव्या देत होती. मी तिला म्हटलं, त्याला कशाला देतेस. मीच तिथं असायला हवी होते.

आता दाढेचं. सप्टेंबरासाठी तू माझ्या भरवशावर राहू नकोस, म्हणून लगेच लिहिते. दाढ नाही. फेब्रुवारीत तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात नगरला जाऊन काढून टाकली. डॉक्टर चांगला होता, म्हणाला, बाई, थोडं खर्चून, दोन-चार वेळा येऊन कदाचित वाचेलही. मी म्हटलं, वाचवायची कुणासाठी? काढा. माझा राग तुला ठाऊक आहे. नरू आपली गरज नाही म्हणाला ना, मग हिचं तरी काय काम. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? एस.टी.त तोंडात कापूस धरून नेवाशापर्यंत आले. शेजारच्या सीटवरची बाई विचारत होती, कुणी गेलं का? मी मान हलवली.

आणखी एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. ती दाढ दिवाळीपासून दुखत होती. तू विचारलंस तेव्हा मी अजिबात नाही म्हणून लिहिलं, तेव्हाही गालाशी गरम फडकं धरून लिहिलं. दुखायला लागली की उपयोगाची नाही, हे तूच लिहिलं होतंस आणि मी ते दहादा वाचलं होतं. ती तुझ्या परीक्षेच्या कामातून केव्हाच गेली होती. मी आले असते तर परीक्षकांनी आरसा लावून मला परत पाठवलं असतं, आणि तू माझ्यामुळे नापास झाला असतास. हे सगळं कळत असूनही मी फोटो काढला, जमादारांना चहा पाजला, बॅग आणवली. मला तुझ्याकडे यायचं होतं. येते म्हणायला मला दुसरं कारण सापडत नव्हतं. बहिणीनं नुसतंच कसं म्हणायचं, येऊ का म्हणून? तू काय म्हणशील, अडचण होईल का, घरमालकीण काय म्हणेल, हेच मनात.

तेव्हा आता माझ्याकडे तुला देण्यासारखं काही नाही. सप्टेंबरासाठी चांगलं माणूस बघ, आणि त्याला आधीच आपलंसं कर, आयत्या वेळी नको. पासपोर्ट कपाटात आहे. बरीच वर्षं चालतो म्हणतात.

अक्का


लॉस एंजेलिस
१५ मे १९७३

ती. अक्का,

तुझं पत्र आलं. दाढ दुखत होती हे मला माहीत होतं. दोन वर्षं न भरलेली दाढ दुखत नाही असं कुणी लिहिलं तर त्यावर विश्वास ठेवण्याइतका वाईट दंतवैद्य मी नाही. तुझं 'अजिबात नाही' वाचलं तेव्हाच मला कळलं, ती परीक्षेला चालणार नाही. तरी मी ताट आणलं, खाट मापली. मार्चमध्ये नापास व्हायची माझी तयारी होती. मग रुबेन मिळाला, आणि मला वाटलं, तू माझ्या परीक्षेपायी एवढं दुखणं सोसून येतेस, तर तुला सोडवावं. तुला सोडवलं असं मी समजत होतो. एप्रिलात ये म्हणून लिहिलं तेव्हाही दाढ हे नुसतं निमित्त होतं. आपण दोघं एकाच आईची मुलं आहोत हे यावरून सिद्ध होतं.

सप्टेंबरचं मी बघेन. रुबेनचा मेव्हणा तयार आहे म्हणतात, तो येईल किंवा येणार नाही. या वेळी नाही जमलं तर पुढच्या मार्चला जमेल, नाहीतर कवळ्या आहेतच. त्यावर तुझं येणं ठेवू नकोस. काही कारणही शोधू नकोस. जमादारांनी लिहिलं तेच पुरे आहे.

काढलेल्या दाढेच्या जागी मी तुला नवी बसवून देऊ शकणार नाही. इथं कायद्यानं मला तुझ्या तोंडात बोटही घालता येत नाही. तुझ्या शेजारी बसून जेवता मात्र येतं. त्याला परवाना लागत नाही.

रजेचा अर्ज आजच टाक. लोणचं आणू नकोस, विमानतळावर काढून घेतात. तू ये.

नरू